वडील ७१ च्या लढाईत होते, पण डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळते त्या पुस्तिकेत) त्या लढाईच्या मेडलची नोंद नाही आणि आईचं नावही चुकलंय. दुरुस्ती कुठून करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील १९६८ ला भरती झाले, १९८५ ला पेन्शनवर घरी आले. डिस्चार्ज बुकात मेडलच्या रकान्यात एकच ओळ. आईचं नाव 'कमला देवी', आधारवर 'कमलबाई'. आडनाव वानखडे, कागदावर वानखेडे. गाव मेहकर तालुक्यात, आणि वडिलांचं म्हणणं की मेडलचं पहिले करा.

मीही बुलढाणा जिल्ह्यातलाच. फौजेत २४ वर्षं क्लर्की केली आणि २०११ ला हवालदार म्हणून घरी आलो. म्हणजे असल्या चुका करणाऱ्या जमातीतलाच मी. 'कमला देवी' कुठून आली ते मला पत्त्यानिशी माहीत आहे. आपला जवान लग्नाची रजा संपवून युनिटात परत येतो, क्लर्क विचारतो, बीवी का नाम? जवान म्हणतो, कमल. क्लर्क बिहारचा नाहीतर गढवालचा, त्याच्या गावात बाईच्या नावामागे देवी असतेच, तो लिहून टाकतो. मी उलटं केलंय, राजस्थानच्या पोरांच्या बायकांना 'बाई' लावून मोकळा झालोय. त्यात आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत. माहेरची शांता, सासरची कमल, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी.

वडिलांना वाईट वाटेल, पण आईचं नाव पहिले करा. मेडल वाट पाहू शकतं. वडील आहेत तोवर त्यांच्या एका सहीवर हे काम होतं. ते नसताना फॅमिली पेन्शन सुरू करायला आई गेली आणि कागदावर कमला देवी निघाली, तर 'ती मीच' हे सिद्ध करायला तिलाच तालुक्याला खेटे घालावे लागतात. जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तर बऱ्याचदा बायकोचं नावच नसतं. तुमच्या वडिलांच्या पीपीओवर आहे का, ते आजच पाहा.

आता कोणता कागद बदलायचा ते ठरवा. इथे लोक हमखास घोळ घालतात, सगळेच कागद एकदम बदलायला निघतात. फौजेचं रेकॉर्ड हे मूळ, त्यावरून पीपीओ, त्यावरून 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवरची माहिती, माजी सैनिकांच्या उपचारांचं ईसीएचएस कार्ड. वडिलांच्या आडनावात फरक एका अक्षराचा आहे, इंग्रजीत 'एच'नंतर 'ए' की 'ई' एवढाच. तिथे फौजेला हात लावू नका. आधार आणि पॅन फौजेप्रमाणे करून घ्या, आधारचं काम तालुक्याच्या आधार केंद्रावर होतं. बँकेने फारच ताणलं तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. आईचं मात्र उलट. तिच्या नावावर सातबारा असेल, बँकेचं खातं असेल, मतदार यादीत नाव असेल. तिचे सगळे कागद 'देवी' करत बसण्यापेक्षा फौजेचा एक कागद बदलणं सोपं.

त्यासाठी वडिलांचा अर्ज लागतो, त्यांच्या सहीचा. सोबत पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती, दोघांचं आधार-पॅन, जोडफोटो, नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि बहुतेक ठिकाणी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची कात्रणं. प्रतिज्ञापत्र साध्या नोटरीचं चालेल की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं हवं, हे रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारा. नाहीतर स्टॅम्पचे पैसे आणि कोर्टातला दिवस, दोन्ही फुकट. हे सगळं बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. ते कार्यालय शिक्का मारतं, पुढे पाठवतं, काय कमी आहे ते सांगतं. रेकॉर्ड बदलण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यामुळे तिथल्या बाबूवर चिडून उपयोग नाही. बदल होतो तो वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे असतील तर नशीबवान, कामठी आपल्या विदर्भातच. तिथून नोंद प्रकाशित होते, मग प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ निघतो. त्याला करिजेंडम पीपीओ म्हणतात. तो हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

आता तुमच्या वडिलांच्या मनातला विषय.

फौजेत माणसाच्या बाबतीत काहीही घडलं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघते. लग्न झालं, मूल झालं, बढती मिळाली, मेडल मिळालं, सगळ्याची. आणि अशा प्रत्येक नोंदीला फौजी भाषेत 'कॅज्युअल्टी' म्हणतात. पत्रात 'मेडलची कॅज्युअल्टी प्रकाशित नाही' असं वाचून एका घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. तर मेडल न मिळण्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की कुठल्या तरी क्लर्कने ती ऑर्डर काढली नाही. लढाईच्या धामधुमीत, युनिट हलताना, माणूस अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या युनिटात असताना असं होतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण माझंच झालं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये फौज सीमेवर गेली, त्याचं ऑपरेशन पराक्रम मेडल. मी तेव्हा माझ्या युनिटातून दुसरीकडे अटॅच होतो. तिथल्यांना वाटलं याची ऑर्डर मूळ युनिट काढेल, मूळ युनिटला वाटलं ते काढतील. शेकडो जवानांच्या मेडलच्या ऑर्डरी मी स्वतःच्या हाताने टाइप केल्या, आणि पेन्शनवर आल्यावर पाहतो तर माझीच नाही! रेकॉर्ड ऑफिसने पहिल्या पत्राला सरळ लिहिलं, नोंद नाही, सबब विचार करता येत नाही. दुसऱ्या पत्रात मी 'मी सीमेवर होतो' हे वाक्यच गाळलं. अटॅचमेंटला गेल्याची आणि परत आल्याची, दोन्ही पार्ट टू ऑर्डरींचे नंबर आणि तारखा तेवढ्या लिहिल्या. चौदा महिने लागले, पण झालं.

तुम्हालाही तेच करायचंय. मेडल मागू नका, आधी कागद मागा. माहिती अधिकारात, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर. गावच्या शाखा डाकघरात पोस्टल ऑर्डर सहसा मिळत नाही, मेहकरला जावं लागेल. अर्ज तुमच्या नावाने करू नका. मुलाने बापाची माहिती मागितली की 'तिसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येते. सही वडिलांची हवी, अंगठा असेल तर दोन साक्षीदार. मागायचं काय, तर शीट रोलची, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदपत्रकाची, साक्षांकित प्रत, मेडलसंबंधी सगळ्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती, आणि ३ डिसेंबर १९७१ पासून पुढे ते कोणत्या युनिटात आणि कुठे होते त्याची नोंद. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, नाही आलं तर पहिलं अपील करा. पेन्शन न मिळता घरी आलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, पण वडील पेन्शनर आहेत, त्यांचे जास्त काळ ठेवतात. अगदीच काही सापडलं नाही तर लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, त्यातली नोंद मागा, तो कायम ठेवला जातो.

आता त्यांना काय मिळायला हवं होतं ते पाहू. संग्राम मेडल बहुतेक. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळातल्या सेवेसाठी ते होतं. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल नक्की, कारण १५ ऑगस्ट १९७२ ला ते नोकरीत होते. ९ वर्षं दीर्घ सेवेचं मेडलही बनतं. म्हणजे बुकात एकच ओळ असेल तर निदान एक ओळ कमी आहे, हे मी इथे बसून सांगू शकतो. पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार, म्हणजे पूर्व आणि पश्चिम आघाडीची मेडल, मात्र ते त्या आघाडीच्या क्षेत्रात स्वतः होते की नाही यावर ठरतं. युनिट गेलं म्हणून माणूस गेलाच असं नसतं. कोणी रजेवर, कोणी सेंटरवर, कोणी मिलिटरी हॉस्पिटलात.

इथे जरा जपून. आमच्या गावात एक आबा होते. गाव त्यांना कॅप्टन म्हणायचं, होते नाईक. पोळ्याला बैल धुताना, पारावर, लग्नाच्या पंगतीत, त्यांची ७१ ची लढाई ठरलेली. टँक कसा आला, शेजारचा कसा पडला. त्यांच्या नातवाने मला स्टारसाठी अर्ज करायला लावला. उत्तर आलं ते माझ्या पत्त्यावर, कारण लिहिणारा मी. डिसेंबर ७१ चा पूर्ण महिना आबा ट्रेनिंग सेंटरवर रंगरूटांना शिकवत होते. पाकीट घेऊन मी त्यांच्या वाड्यात गेलो. आबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी काही बोलायच्या आधी पाकिटाकडे पाहून म्हणाले, 'मले मालूम हाये काय लिवलं असन त्यात. पोट्ट्याले सांगू नोको.' मी नातवाला सांगितलं, नोंद सापडत नाही म्हणतात. आबा पुढच्या पोळ्यालाही टँकची गोष्ट सांगत होते. मी ऐकली.

म्हणून अर्ज करण्याआधी वडिलांना एकट्याने विचारा, तुम्ही नेमके कुठे होता. चारचौघात नको.

घरात मेडल असतील तर कडा पाहा. सरकारी मेडलवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं. मेडल कोलकात्याच्या टांकसाळीत बनतात, आणि खरं मेडल यायला वर्षानुवर्षं लागायची, म्हणून छावणीच्या बाजारातून नक्कल विकत घेऊन छातीवर लावायची पद्धत पडली. आम्ही सगळ्यांनी लावली आहे. त्याची कड कोरी असते. तेवढं दाखवून रेकॉर्ड ऑफिसात काही सिद्ध होत नाही, पण कोरीव असेल तर फोटो काढून अर्जाला लावा.

पैशाबद्दल विचारलंय. संग्राम, पूर्वी, पश्चिमी, दीर्घ सेवा, यांतल्या कशालाच दरमहा पैसे नाहीत. दरमहा भत्ता शौर्यपदकांना आहे, परमवीर चक्राला २० हजार, शौर्याच्या सेना मेडलला २ हजार असा. शौर्यपदक भारताच्या राजपत्रात छापून येतं, तिथे नाव नसेल तर 'माझी शिफारस झाली होती' याला रेकॉर्डची चूक म्हणता येत नाही. तुमच्या तालुक्यात 'मेडल लावून देतो, एरिअर्स (थकबाकी) काढून देतो' म्हणत कोणी फिरत असेल, आणि फिरतच असणार, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जन्मतारखेचंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. १ जून ना? आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनलाच जन्माला घातलंय. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, खरी तारीख सापडली तरी तो नाद सोडा. नोकरी संपताना मागितलेली जन्मतारखेची दुरुस्तीच सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी नाकारली आहे, वडिलांची तर नोकरी संपून चाळीसेक वर्षं झाली. आधारची तारीख वेगळी असेल तर फौजेप्रमाणे आधारच बदला, म्हणजे 'स्पर्श'वर दरवर्षी हयातीचा दाखला देताना अडणार नाही.

लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्याला मुंबईचं पीठ लागतं. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं, वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. अपंगत्व पेन्शनचा मामला असता तर मी म्हटलं असतं जाच. संग्राम मेडलसाठी मुंबईच्या फेऱ्या मारू नका, कागद नीट लावले तर ते तिथवर जात नाही.

कागद लावताना दोन गोष्टी. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, मागच्या पानावर शिक्का मारायची वेळ येते. आणि प्रत्येक पानावर, झेरॉक्सवरही, वरच्या कोपऱ्यात आर्मी नंबर लिहा. रेकॉर्ड ऑफिसात पानं सुटी होतात, आणि वानखडे तिथे ढिगाने आहेत. नंबर बुकात पुसट झाला असेल तर वडिलांना विचारा. पंचाहत्तरीतला माणूस नातवाचं नाव विसरेल, तो नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेल.