बेड एक, रुग्ण दोन : वाचकांची प्रश्नोत्तरे

आयसीयूत वीस वर्षं काढली. एकाला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं, हे तिथे रोज दिसतं. त्याच विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना आज उत्तरं देतो आहे.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे. आयसीयूत एकच बेड रिकामा होता, तो तिशीतल्या एका रुग्णाला दिला आणि वडिलांना वॉर्डातच ठेवलं. वय झालं म्हणून माणसाला असं मागे सारायचं का?

उत्तर : निव्वळ वयासाठी, नाही. बेड देताना पाहायचं असतं ते वेगळंच. किती अवयवांनी साथ सोडली आहे, आजारी पडण्याआधी माणूस स्वतःचं स्वतः किती करत होता, आणि आयसीयूत नेल्याने त्याची वाचण्याची शक्यता किती वाढणार आहे. रोज फिरायला जाणारे, फक्त न्यूमोनिया झालेले ७९ वर्षांचे गृहस्थ कॅन्सर सगळीकडे पसरलेल्या तरुणापेक्षा लवकर सावरू शकतात. पण हे सगळं तपासायला वेळ लागतो, आणि वय केसपेपरवर आयतं लिहिलेलं असतं. म्हणून धावपळीत डोळा तिथेच जातो.

मार्च २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, इटलीतल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतातज्ज्ञांच्या संघटनेने वयाची मर्यादा घालावी लागू शकते, असं उघड लिहिलं. टीकेची झोड उठली. मलाही ती मर्यादा पटत नाही, पण त्यांनी ती कागदावर आणली याबद्दल आदर वाटतो. लिहिलेल्या नियमाशी भांडता तरी येतं. तुम्ही रुग्णालयाला विचारा : निर्णय कोणी घेतला, कशावरून घेतला, वडिलांच्या कागदांत त्याची नोंद आहे का? असं विचारण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : जो आधी आला त्याला आधी, हा नियम सर्वांत सरळ नाही का?

उत्तर : सरळ दिसतो. पण रांगेत आधी पोचतो तो ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याची ओळख आहे, ज्याची रोजी बुडत नाही. अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत पूर्वी वाट पाहिलेल्या काळाला मोठं वजन होतं. २००२ मध्ये बिलिरुबिन, क्रिएटिनिन (यकृत आणि मूत्रपिंड किती चालतं ते सांगणारे रक्तातले घटक) आणि रक्त गोठण्याची चाचणी यांवरून गुण काढून, जो मृत्यूच्या अधिक जवळ त्याला आधी, असं ठरलं. दोघांची गरज खरोखर सारखीच असेल, तर मी रांगेपेक्षा चिठ्ठ्या टाकून नाव काढणं पसंत करीन. चिठ्ठी ओळख पाहत नाही.

प्रश्न : डॉक्टर पक्षपात करतील. मग निवड सामान्य नागरिकांच्या समितीकडे का देऊ नये?

उत्तर : हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तो प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी तयार केली आणि मूत्रपिंड कायमचं निकामी झालेल्यांना पुन्हा पुन्हा डायलिसिस देता येऊ लागलं. यंत्रं मात्र मोजकी. मग सात जणांची समिती नेमली : वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक. वैद्यकीय चाळणीतून आलेल्यांपैकी जगवायचं कोणाला, हे त्यांनी ठरवायचं. त्यांच्यापुढे कोणतेही निकष ठेवलेले नव्हते. तेव्हा त्यांनी लग्न, मुलं, उत्पन्न, शिक्षण, नोकरी पाहिली. चर्चला जातो का, हेही पाहिलं. म्हणजे ज्याचं आयुष्य समितीतल्या माणसांसारखं, तो त्यांना लायक वाटला. माणसं वाईट नव्हती, कामच चुकीचं दिलं होतं. १९७२ मध्ये कायदा झाला, सरकारने जवळजवळ सर्वांच्या डायलिसिसचा खर्च उचलला आणि अशा निवडीची गरजच संपली.

नागरिक हवेतच, पण नियम ठरवायला, समोर कोणताही रुग्ण नसताना. नाव आणि चेहरा समोर आला की त्यांनी बाजूला व्हावं.

प्रश्न : एका बाळाच्या महागड्या औषधाच्या पैशांत हजारो मुलांचं लसीकरण होईल. मग हिशोब सरळ नाही का?

उत्तर : कागदावर सरळ आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९९० मध्ये खर्च आणि लाभ यांच्या गणितावरून, सरकारी खर्चाने द्यायच्या उपचारांची क्रमवार यादी केली. तिच्यात दातावर टोपी बसवणं गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत वाढणाऱ्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर आलं. पहिल्याने दुखणं थांबतं, दुसरीने बाईचा जीव वाचतो! स्वस्त गोष्ट खूप जणांना देता येते म्हणून ती वर गेली, एवढंच. यादी पुन्हा करावी लागली. हिशोब हवाच, त्याशिवाय लसीकरणाचा पैसा कोणाच्याही लक्षात न येता कापला जातो. पण आलेला आकडा माणसांनी वाचून पाहिला पाहिजे. आणि औषधाची किंमत देवाने ठरवलेली नसते. बाळ की लस, असं विचारण्याआधी त्या किमतीवर घासाघीस झाली का, ते विचारा.

प्रश्न : मी आयसीयूत सिस्टर आहे. एकाचा व्हेंटिलेटर काढून दुसऱ्याला लावायची वेळ आली तर?

उत्तर : न लावणं आणि काढणं यांत नैतिक फरक नाही, असं नीतिशास्त्राचे बरेच अभ्यासक मानतात. बुद्धीला ते पटतं, हाताला पटत नाही. पहाटे तीनला नळीवर ठेवलेला माझा स्वतःचा हात मला आठवतो. म्हणून दोन गोष्टी धरून ठेवा. जो त्या रुग्णाची शुश्रूषा करतो, त्याने हा निर्णय घेऊ नये. तो दुसऱ्या पथकाने घ्यावा. आणि यंत्र लावतानाच घरच्यांना सांगावं की अमुक दिवसांनी आपण पुन्हा पाहू, सुधारणा नसेल तर थांबू.

पण त्याही आधीचं एक काम असतं. १९५२ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात डोकं सोडून बाकी शरीर आत घेणारं श्वसनयंत्र एकच होतं, शिवाय छातीवर बसवायची सहा. श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि तिला जोडलेली हवेची पिशवी हाताने दाबत राहायला सांगितलं. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, मुलांच्या उशाशी बसून, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. निवड करायची वेळ त्यांनी पुढे ढकलली, आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

उद्या ड्यूटीवर गेलात की मोजा : अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशव्या) किती आहेत, त्यांतल्या फाटक्या किती, रात्रपाळीत त्या नीट दाबता येणारे हात किती, आणि ऑक्सिजन किती तास पुरेल. आकडे लिहून प्रमुखांच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या.