कारभाऱ्याची वही : वाचकांचे प्रश्न

गावाकडे अजूनही बायका नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘घराचा मालक’ असा अर्थ हळूच शिरलेला असतो. पवित्र शास्त्रातल्या कारभाऱ्याची गोष्ट वेगळी. इस्टेट दुसऱ्याची, किल्ल्या याच्या कमरेला, आणि एक दिवस हिशोब द्यायचा. प्रेषित पौल त्याच्याकडून एवढेच मागतो की तो विश्वासू असावा (१ करिंथ ४:२). या महिन्याच्या पत्रांत दशांशाचे, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याचे, प्रश्न सर्वांत जास्त आहेत. पण दहावा भाग दिल्यावर उरलेले नऊ भागही त्याच मालकाचे असतात, म्हणून उत्तरांत त्या नऊ भागांचीही चौकशी केली आहे.

प्रश्न : हातात ३१,००० रुपये पगार येतो. दशांश कपातीआधीच्या पगारावर काढू की हातात येणाऱ्या रकमेवर? क्रेडिट कार्डाचे ४०,००० थकले आहेत. कर्ज असताना द्यावे का? (एक वाचक, पिंपरी)

येशूने दशांशाचा उल्लेख केला तो पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दहावा भाग काटेकोर मोजणाऱ्या, पण न्याय, दया व विश्वास विसरलेल्या लोकांपुढे. हे करायचे होते आणि तेही सोडायचे नव्हते, असे तो म्हणाला (मत्तय २३:२३). पौलाने करिंथकरांना टक्केवारी सांगितली नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, बाजूला काढून ठेवा, असे सांगितले (१ करिंथ १६:२). म्हणजे ठरवून, नियमाने आणि आधी. आमचे मत असे : हातात येणाऱ्या रकमेवर काढा, म्हणजे ३,१००. भविष्य निर्वाह निधीचे पैसे तुमचेच आहेत, पण ते हाती येतील तेव्हा त्यातून द्या.

आता कार्ड. महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ४०,००० वर १,४०० होतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. तुम्ही ‘किमान रक्कम’ म्हणून २,००० भरले, तर मुद्दल फक्त ३४८ रुपयांनी कमी होते. त्यात नवी खरेदी झाली की तेवढेही नाही. त्यामुळे कार्ड आजपासून कपाटात ठेवा. कामाच्या ठिकाणच्या पतपेढीतून १२ टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत असेल, तर ते घेऊन कार्ड एकदम फेडा. वर्षाच्या बारा हप्त्यांत दरमहा सुमारे ३,५५५ रुपये बसतात.

उसने घेऊन न फेडणे याला स्तोत्रकर्ता दुष्टपणा म्हणतो (स्तोत्र ३७:२१). दुसऱ्याचे देणे अर्पणाच्या ताटात टाकून ते अर्पण होत नाही. तरीही देणे पूर्ण थांबवू नका, कारण थांबलेली सवय परत लागायला फार वेळ लागतो. या वर्षी महिन्याला १,००० द्या आणि शेवटचा हप्ता ज्या महिन्यात संपतो, त्या महिन्यासमोर वहीत ‘३,१००’ असे आजच लिहून ठेवा. पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात वळवा. बँकेला तशी कायमची सूचना देता येते. ‘महिनाअखेरीस उरेल ते देऊ’ हा बेत जवळजवळ नेहमी फसतो. मन वाईट असते म्हणून नव्हे, पंचवीस तारखेला खिशात काही उरतच नाही म्हणून.

प्रश्न : आईवडिलांना गावी पैसे पाठवतो. ते दशांशात धरावेत का? (एक वाचक, ठाणे)

नाही. ते अर्पण नव्हे, कर्तव्य आहे, आणि ते आधी येते. ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत फटकारले (मार्क ७:९-१३). दोन्हींना पैसे पुरत नसतील तर अर्पण कमी करा, औषधांचे पैसे कमी करू नका.

प्रश्न : दरवर्षी पगार वाढतो, पण हातात काहीच का राहत नाही? (एक वाचक, पुणे)

कारण राहणीमानही दरवर्षी वाढते. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाचा हिशोब नोंदला आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असे पुष्कळांना वाटते. वर्षाला ३० पौंड मिळाले, तेव्हा २८ वर भागवले आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले तरी खर्च २८ च, दान ३२. मग ९० मिळाले, दान ६२. चौथ्या वर्षी १२० मिळाले, दान ९२. आजच्या महागाईत खर्च तसाच गोठवता येणार नाही. पण वाढलेल्या पगाराचा निम्मा भाग कुठे जाणार हे पहिला वाढीव पगार हाती पडण्याआधी ठरवता येते.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन आहे. मंडळीचे (चर्चचे) प्रत्येक काम फुकट मागितले जाते. नाही म्हटले तर पाप लागेल का? (एक वाचक, श्रीरामपूर)

कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे (१ तीमथ्य ५:१८). मजुरी सोडायची की नाही हे तुम्ही ठरवायचे, समितीने गृहीत धरायचे नाही. तोंडी, फुकट कामाचे नेहमी असे होते की ते सर्वांत शेवटी होते, हलक्या सामानात होते आणि बिघाड झाल्यावर जबाबदार कोण ते कळत नाही. म्हणून अंदाजपत्रक लेखी द्या. सामान मंडळीचे, पक्क्या बिलावर. मजुरी पूर्ण लिहा आणि खाली ‘अर्पण’ म्हणून वजा दाखवा. समितीला कामाची किंमत कळते, तुमच्या मनात अढी राहत नाही.

आणि गुणाचा कारभार म्हणजे नेमका जाणकाराचा डोळा वापरणे. उपासनेनंतरच्या चहाची १५०० वॉटची किटली नाताळच्या रोषणाईच्याच बोर्डाला लावलेली तुम्हाला किती चर्चमध्ये दिसते? ६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॉटच पेलते. किटलीला १६ अँपिअरचे सॉकेट स्वतंत्र वायर टाकून द्या, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचे ‘टी’ (चाचणीचे) बटण नियमाने कोणी दाबायचे त्याचे नाव बोर्डावर चिकटवा. मालकाने चाकरांकडे पैसे सोपवल्याच्या येशूच्या दाखल्यात (तालंताच्या दाखल्यात) सर्वांत कमी मिळालेल्या चाकराकडेही एक तालंत होता, म्हणजे ६,००० दीनार, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. थोडेसेच मिळाले म्हणून पुरून ठेवले, ही सबब तिथे चालली नाही.

प्रश्न : मी नर्स आहे, रात्रपाळ्या असतात. मंडळीला वेळ देता येत नाही, याची सारखी टोचणी लागते. (एक भगिनी, नाशिक)

ताई, आधी मोजा. आठवड्याचे १६८ तास. ड्युटी ४८, प्रवास १२, झोप ५२, स्वयंपाक-घरकाम २४, मुले, बाजार, अंघोळ-जेवण १८. उरले १४. सात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी आखून प्रत्यक्ष काय झाले ते लिहा, आणि त्याच दिवशी लिहा. आठवड्याने आठवून लिहिले की वही खोटी होते, फोनवर गेलेला वेळ तर हमखास गळतो. या १४ मधून दोन तास एकाच कामाला बांधा आणि दुसऱ्या समितीला नकार द्या. रात्रपाळी संपवून थेट संडेस्कूल घेऊ नका. झोप ही देवाची देणगी आहे (स्तोत्र १२७:२), आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, तर बैलालाही दिला होता.

तुमच्या हातची सेवा मंडळीत दुसऱ्या कोणाला क्वचितच जमेल. महिन्यातून एका रविवारी रक्तदाब तपासा, पण चहाच्या आधी. माणसाला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवा, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीवर. पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरून नको. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर आले तर डॉक्टरांकडे पाठवा, १८०/१२० च्या वर गेले तर त्याच दिवशी, आणि छातीत दुखत असेल किंवा बोलणे अडखळत असेल तर तत्काळ रुग्णालयात.

प्रश्न : मला नुकतेच खजिनदार केले आहे. अर्पण मोजताना काय पाळावे? (एक वाचक, सोलापूर)

यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना पौलाने सोबत इतरांना घेतले, कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). स्वतःवर विश्वास असूनही त्याने हे केले, हे लक्षात ठेवा. एकट्याने कधीही मोजू नका. दोघे असावेत, एकाच घरातले नसावेत, आणि जोडी दर महिन्याला बदलावी. पैसे चर्चमध्येच मोजावेत, घरी नेऊन नव्हे. नोटा आणि नाणी मूल्यवार, पाकिटे वेगळी, क्यूआरवर आलेले पैसे बँकेच्या उताऱ्याशी ताडून. विधवा-निधीसाठी आलेले पाकीट रंगकामाला वापरायचे नाही, दोनच दिवसांसाठी का होईना. सोमवारी बँकेत भरणा, आणि फुलांचे किंवा पाहुण्यांचे पैसे परस्पर ताटातून चुकते करायचे नाहीत. खर्च कितीही खरा असला तरी जमा रक्कम आणि भरणा जुळेनासा होतो आणि ऑडिटला उत्तर देता येत नाही.

मोजणीच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या हव्यात. आकडा चुकला तर खोडून काढू नका, पांढरी शाई तर मुळीच नको. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, वर नवा आकडा लिहा आणि शेजारी दोघांनीही पुन्हा सही करा.