निवृत्तीची रक्कम आणि भाड्याने देण्यासाठी फ्लॅट

आपण 58व्या वर्षी निवृत्त झालात, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून 56 लाख हातात आले आहेत आणि त्यातून पुण्यातल्या धायरीत 48 लाखांचा वन बीएचके घेऊन तो 14,000 रुपयांनी भाड्याने द्यावा, असा आपला विचार आहे. राहते घर स्वतःचे असल्यामुळे हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे; मात्र विसार देण्यापूर्वी पुढचा हिशेब पत्नीसोबत बसून एकदा करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुणे महापालिका हद्दीत 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 3,36,000 आणि नोंदणी फी 30,000 धरली, तर घर 51,66,000 रुपयांना पडते. वर्षाचे भाडे 1,68,000 दिसते खरे, पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामे राहतेच. सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा 2,500 धरा. त्याखेरीज मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिगर-भोगवटा शुल्क लागते आणि घर भाड्याने दिल्यावर, स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात (घरपट्टीत) मिळणारी 40 टक्के सवलतही मिळत नाही. हे सगळे वजा जाता वर्षाला जेमतेम सव्वा लाखाच्या आत रक्कम उरते, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. उलट सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात जमा होतात आणि तो दर पाच वर्षे बदलत नाही. या व्याजावर कर लागतो, तर भाड्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे तेवढ्या भागावर कर लागत नाही. तरीही तफावत भरून निघत नाही.

फ्लॅटची किंमत वाढेल, हे आपले म्हणणे मी नाकारत नाही. मी भाड्याने दिलेल्या फ्लॅटचीही वाढली. पण पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवसांत सहा लाख उभे करायचे होते, तेव्हा एजंटाने गिऱ्हाईक मिळायला चार महिने लागतील असे सांगितले आणि मला मेहुण्यांपुढे हात पसरावा लागला. त्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या गळतीने बेडरूमच्या भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले आणि भाडेकरू निघून गेला. त्याची अनामत परत करायला मला मुदत ठेव मोडावी लागली.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट तातडीची आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना या योजनेत खाते उघडायचे असेल, तर निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावे लागते. फ्लॅट पाहण्यात हे दिवस निघून गेले, तर साठ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल. म्हणून आधी 30 लाख तिथे ठेवा, उरलेल्यातील काही रक्कम आजारपणासाठी लगेच मोडता येईल अशा ठेवीत राहू द्या आणि फ्लॅट मग सावकाश पाहा. दोन वर्षांनंतरही घरच घ्यावेसे वाटले, तर मुद्दलातून 1 टक्का कापून, म्हणजे 30,000 रुपये सोडून, खाते बंद करता येते. तेव्हा घ्याल तो फ्लॅट तयार आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेलाच घ्या, आणि भाडेकरार नोंदवल्याशिवाय किल्ली कोणाच्याही हातात देऊ नका.