घरबांधणी प्रश्नोत्तरे : आधी छत, मग भिंत, काच सगळ्यात शेवटी

प्रश्न : आमचं दुमजली घर आहे. मे महिन्यात वरच्या खोल्या रात्री बारापर्यंत तापलेल्याच असतात. पंखा लावला की गरम वारा. कोणी गच्चीला पांढरा रंग मारा म्हणतं, कोणी फॉल सीलिंग करा म्हणतं. गच्चीच्या एका कोपऱ्यातून थोडी ओलही येते. नेमकं काय करावं?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : फॉल सीलिंगचा विचार सोडून द्या. ऊन स्लॅबवर वरून पडतंय, ते वरच अडवायला हवं. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य कोल्हापूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवसांत कुठल्याही भिंतीपेक्षा गच्चीवर जास्त ऊन पडतं. पाच-सहा इंची उघडा स्लॅब ही उष्णता दुपारभर शोषत राहतो आणि ती खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी छत तापलेलंच राहतं. खात्री करायची असेल तर रात्री नऊला पंखा बंद करा, स्टुलावर उभं राहून तळहात आधी छताला आणि मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. छत जास्त गरम लागलं तर पैसे गच्चीवर घाला. भिंत जास्त गरम लागली तर पुढची उत्तरंही वाचा.

पण सगळ्यात आधी ओल. गळक्या स्लॅबवर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) टाकलं की पाणी खाली अडकतं, गळती कुठून होते ते सापडत नाही आणि आतली सळई गंजत जाते. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) ठोकून बघा. पोकळ वाजत असेल तर काढून टाका. त्यावर दुसरा कोबा मात्र कधीही चढवू नका. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं आणि जुन्या स्लॅबवर तो बोजा फुकटचा पडतो.

कोबा काढल्यावर पाइपाच्या दिशेनं दर दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार द्या. कठडा आणि गच्ची भिडतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा मारा. वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या आणि ते कठड्यावर फूटभर चढवा. मग पाइप बंद करून गच्चीत दोन इंच पाणी ४८ तास तुंबवा. खाली डाग दिसला तर तिथंच थांबा आणि आधी गळती काढा. ही चाचणी कंत्राटदार हमखास टाळतात, तेव्हा पैशाचा हप्ता तिच्यानंतरच द्या. पुढे ५० मिमीचे एक्सपीएस (पाणी न धरणारा घट्ट फोम) बोर्ड सांध्याला सांधा घट्ट भिडवून, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर ४० मिमी काँक्रीट आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. काँक्रीटमध्ये चार-पाच फुटांच्या चौकोनात सांधे सोडा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकेल. या काँक्रीटचंही चौरस मीटरला नव्वद-शंभर किलो वजन होतं, म्हणून काम सुरू करण्याआधी इंजिनीअरला स्लॅब दाखवा.

एक्सपीएसच्या जागी साधा पांढरा थर्माकोल घालू देऊ नका. तो पाणी धरतो, आणि ओला झाला की उष्णता अडवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो कोरडा राहील ही आशाच नको.

फरक किती पडतो? आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर उघड्या स्लॅबच्या एका चौरस मीटरमधून साधारण साडेतीन वॅट उष्णता आत येते. ५० मिमी बोर्ड घातल्यावर ती अर्ध्या वॅटवर येते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त निवासी छतासाठी १.२ वॅटची मर्यादा आहे. २५ मिमी बोर्डही तिच्यात बसतो. बजेट ताणलेलं असेल तर बोर्ड पातळ घ्या, पण वॉटरप्रूफिंगमध्ये कसर नको.

यंदा एवढा खर्च झेपत नसेल तर चुना मारा. होळी झाली की गच्ची घासून, ओली करून दोन पातळ हात द्या, एक उभा आणि एक आडवा. पावसात तो धुऊन जातो, उरलेल्यावर शेवाळ धरतं, त्यामुळे दर वर्षी मारावा लागेल. गच्चीवर पत्र्याची शेड हाही उपाय आहे, मात्र चारही बाजू उघड्या हव्यात. बाजू बंद केल्या की पत्र्याखालची तापलेली हवा तिथंच कोंडते. महापालिकेची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : नवीन घरासाठी इंजिनीअर एएसी ब्लॉक (हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) सांगतात, वडील जांभा म्हणतात. एएसीला भेगा जातात असं ऐकलंय.
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : उष्णतेचंच बघायचं तर ८ इंची एएसीची भिंत ९ इंची विटेच्या भिंतीपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते. भेगा जातात त्या बहुतेक बांधकामाच्या सवयींमुळे. गवंडी विटांसारखेच हे ब्लॉक पाण्यात भिजवतात. ते सुकताना आकसतात आणि प्लास्टर फुटतं. पृष्ठभागावर फक्त पाणी शिंपडा. सांधा ब्लॉकच्या चिकट मसाल्याचा, ३ मिमीचा. दिवसात चार-साडेचार फुटांपेक्षा उंच भिंत चढवू नका. तुळईखाली थोडी फट ठेवा आणि भिंत बसल्यावर ती भरा. आरसीसी कॉलम आणि ब्लॉक जिथं भिडतात तिथं दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच फायबरची जाळी लावूनच प्लास्टर करा. प्लास्टर कडक नको, सिमेंट-वाळू १:६ पुरे. वायरिंगच्या खाचा कटरनंच पाडायच्या. छिन्नी-हातोडा चालवला तर ब्लॉक आतून फुटतो.

जांभा तुमच्या भागात जवळ मिळतो, भट्टीत भाजावा लागत नाही, वाहतूक कमी. हे सगळं त्याच्या बाजूचं. मात्र तो पाणी पितो. नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर तिरका आदळतो, तिथं उघडा जांभा असेल तर वर छपराची कड दोन-अडीच फूट पुढे काढा आणि जोतं काळ्या दगडाचं ठेवा. आमचा कल असा : पश्चिमेला आणि दक्षिणेला एएसी, व्हरांडा आणि कंपाउंडला जांभा. वडिलांचंही म्हणणं राहील.

पूररेषेजवळ बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं, त्यांनी पुराच्या खुणेपर्यंत एएसी वापरू नये. हा ब्लॉक भिजला की सुकायला फार वेळ घेतो. तिथवर काळा दगड किंवा चांगली भाजलेली वीट घ्या.

प्रश्न : जर्मनीतल्या ‘पॅसिव्ह हाऊस’सारखं हवाबंद घर, तीन काचांच्या खिडक्या, असं इथं करता येईल का?
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : करता येईल, पण पैसे चुकीच्या जागी जातील. असं पहिलं घर १९९१ मध्ये डार्मश्टाटला बांधलं गेलं, ते हीटरचा खर्च वाचवायला. त्या मानकात वर्षाला चौरस मीटरमागे गरम करण्यासाठी १५ युनिटांची मर्यादा आहे. कोल्हापुरात हीटरच लागत नाही. आपल्याला ऊन काचेवर पडण्याआधी अडवायचं आहे.

दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा पुरतो. मार्चच्या दुपारी त्याची सावली साडेसहा फूट खाली उतरते, डिसेंबरात अडीच फुटांच्या आत राहते, म्हणजे थंडीत चार फुटी खिडकीतून ऊन आत येतं. पश्चिमेला हाच छज्जा निरुपयोगी आहे : एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला त्याची सावली जेमतेम फूटभर पडते. तिथं बांबूची चिक काचेच्या बाहेरून लावा. आतला पडदा काचेतून आलेली उष्णता खोलीतच ठेवतो.

परदेशातलं काही उचलायचंच असेल तर झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरकडे बघा. वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी आखलेली, १९९६ साली पूर्ण झालेली ही इमारत रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटवरून फिरवते आणि दिवसा तोच गारवा वापरते. आपल्या एप्रिल-मेच्या रात्री दिवसापेक्षा बऱ्याच गार असतात, त्यामुळे घरगुती स्वरूपात हे जमतं : दिवसा खिडक्या बंद, रात्री नऊ ते सकाळी सहा एका बाजूला उंचावर एक्झॉस्ट फॅन चालू आणि समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी. पावसाळ्यात मात्र हे करू नका, दमट हवाच आत भराल. आणि डासांची जाळी धुळीनं भरली की वारा निम्मा होतो. उन्हाळ्यात ती दर पंधरवड्याला धुवा.