कॅनडाच्या पीआरसाठी फ्लॅट तारण ठेवू का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: "वय ५३, अंबड एमआयडीसीत नोकरी. हातात ८५ हजार येतात, घरखर्च ४५ हजार. पत्नी गृहिणी, वय ४९. फ्लॅटवर कर्ज नाही. पीएफ २८ लाख, एफडी १२ लाख. मुलगा २२ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनीअर. ओंटारिओतल्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या बिझनेस मॅनेजमेंट डिप्लोमाची ऑफर आली आहे. खर्च ४० लाख. एजंटाच्या पाच लाखांच्या 'पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) पॅकेज'पैकी दीड लाख भरलेत. बँकेतून घेतलेली 'परदेशी शिक्षण' पॉलिसी आहे, वर्षाला दीड लाख, चार हप्ते झाले. फ्लॅट तारण ठेवू की पीएफ काढू? मुलगा तिकडचा नागरिक झाला की आम्हाला बोलावून घेईल, त्यामुळे निवृत्तीची वेगळी चिंता नाही."

विचारलंत त्याचं उत्तर: दोन्ही करू नका. घर तारण ठेवून ४० लाख, साडेदहा टक्के, १५ वर्षं धरली तर हप्ता साधारण ४४ हजार. घरखर्च मिळवला की ८९ हजार, म्हणजे पहिल्याच महिन्यात पगार पुरत नाही. पाच वर्षांत साडेसव्वीस लाख भरून तुम्ही ५८व्या वर्षी निवृत्त व्हाल, तेव्हाही जवळपास ३३ लाख बाकी असतील.

आता न विचारलेलं. ज्या डिप्लोमासाठी हे चाललंय, त्यावर मुलाला वर्क परमिट मिळणार आहे का, हे कोणी तपासलं? कॅनडाने १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. त्यानंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांनी कॉलेजचा डिप्लोमा केला, तर तो सरकारने ठरवलेल्या विषयांच्या यादीत असला तरच शिक्षणानंतर वर्क परमिट मिळतं. यादीत आरोग्य, शेती, तंत्रज्ञान, बांधकामासारखे कुशल व्यवसाय आहेत. बिझनेस मॅनेजमेंट नाही. म्हणजे ४० लाख घालून दोन वर्षांनी मुलगा परत, आणि कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडायचं. कॉलेजकडून कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) लेखी मागवा आणि कॅनडा सरकारच्या यादीशी स्वतः ताडून बघा. एजंटाच्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. अनेक एजंटांना कॉलेजकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं, हे इंजिनीअर मुलाला बिझनेसचा डिप्लोमा सुचवला जातो तेव्हा लक्षात ठेवा.

वर्क परमिट मिळालं असं क्षणभर धरू. मग एक्स्प्रेस एन्ट्रीचे, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीचे गुण मोजा. वय ११०, पदवी अधिक डिप्लोमा १२८, इंग्रजी उत्तम (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर, सीएलबीवर, ९) असेल तर १२४, कॅनडातला एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव ४०, शिक्षण आणि भाषेच्या जोडीचे ५०, कॅनडातल्या शिक्षणाचे १५. बेरीज ४६७. तीन वर्षं काम केलं तरी ४९१. कॅनडातला अनुभव असलेल्यांच्या २०२५ मधल्या निवड फेऱ्यांत किमान गुण ५०० च्या वरच राहिले. नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, त्यामुळे "ऑफर लेटर मिळवून देतो" या आश्वासनाला गुणांच्या हिशोबात आता किंमत नाही. शिकताना केलेलं काम आणि कॉफी शॉपच्या काउंटरवरचं कामही या अनुभवात धरत नाहीत.

हे सगळं पार पडून चार वर्षांत पीआर मिळाला, तर नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेलं दाखवावं लागतं. पीआरआधीचा प्रत्येक दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. म्हणजे आणखी किमान दोन वर्षं, वर अर्जाचा वेळ. तुम्ही साठीला आलेले असाल. आणि तो कॅनडाचा नागरिक झाला की भारतीय नागरिकत्व संपतं. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घ्यावं लागतं.

खरं तर पालकांना बोलवायला नागरिकत्व लागतही नाही, पीआर पुरतो. अडतं ते दुसरीकडे. पालकांच्या स्पॉन्सरशिपसाठी २०२५ मध्येसुद्धा निमंत्रणं गेली ती २०२० साली नावं नोंदवलेल्यांनाच. नंबर लागला तरी मुलाला सलग तीन वर्षांचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं आणि तुमची २० वर्षांची जबाबदारी लिहून द्यावी लागते. तिथली वृद्धापकाळाची सरकारी पेन्शन साधारणपणे किमान दहा वर्षं तिथे राहिल्याशिवाय सुरू होत नाही. सुपर व्हिसावर (पालकांसाठीच्या लांब मुदतीच्या भेटीच्या व्हिसावर) एका वेळी पाच वर्षं राहता येतं, पण किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो आणि साठीनंतर त्याचा हप्ता चांगलाच जड असतो. याला निवृत्तीची योजना म्हणता येत नाही.

तुमची खरी स्थिती अशी. आजचे ४५ हजार सहा टक्के महागाईने पाच वर्षांत ६० हजार होतात, वर्षाला सव्वासात लाख. पीएफ वाढून ५० लाखांच्या आसपास, एफडी १६, एकूण ६६ लाख. परतावा महागाईइतकाच धरला तर हे पैसे नऊ-दहा वर्षांत संपतात. तेव्हा पत्नी चौसष्टच्या आसपास असतील. पीएफबरोबरच्या पेन्शनचे काही हजार येतील, त्याने हे भागत नाही.

पॉलिसीचे पैसे मुलाच्या शिक्षणाला वेळेवर मिळणारच नाहीत. मुलगा १८ वर्षांचा असताना १५ वर्षांची 'शिक्षण' पॉलिसी विकणाऱ्याला हे माहीत होतं. परतावाही पाच टक्क्यांच्या आसपास. कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी बंद करून मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता मुदतीअखेर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी घ्या आणि पुढचा हप्ता भरण्याआधी निर्णय करा. मला पेड-अप करणं बरं वाटतं. मग महिन्याला ४० हजार मोकळे राहतात. तुमचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या आत राहील इतका व्हीपीएफ (पीएफमधली ऐच्छिक जादा वर्गणी) वाढवा, बाकी म्युच्युअल फंडात. ३५ हजार नियमित टाकलेत तर पाच वर्षांत २५ लाखांच्या आसपास जमतील. तरी कमीच पडेल, म्हणून ५८ नंतर काही वर्षं कमाई लागेल, आणि पुढे गरज पडली तर रिव्हर्स मॉर्गेजला (घरात राहूनच त्यावर बँकेकडून नियमित रक्कम घ्यायला) हाच फ्लॅट उपयोगी पडेल. तो बोजाविना राहायला हवा.

मुलाचं कॅनडा सोडा असं मी म्हणत नाही. त्याने पुण्या-नाशकात तीन वर्षं इंजिनीअर म्हणून काम करावं, इंग्रजीची तयारी करावी, मग तिथल्या विद्यापीठात मास्टर्स. मास्टर्सला विषयांच्या यादीची अट नाही आणि तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं. वरचीच आकडेमोड तेव्हा ५३९ वर जाते: मास्टर्सचे १२८ ऐवजी १३५, भारतातल्या अनुभवाचे ५०, तिथल्या शिक्षणाचे १५ ऐवजी ३०. तेव्हा तो अठ्ठावीसचा असेल, वयाचे गुणही शाबूत. शैक्षणिक कर्ज त्याच्या नावावर. सहकर्जदार म्हणून सही करा, पण फ्लॅट तारण देऊ नका. तुमच्याकडून एफडीतले फार तर पाच लाख.

एजंटाला या आठवड्यात लेखी पत्र द्या, पॅकेज रद्द करून दीड लाख परत मागा. कॅनडाच्या इमिग्रेशनचा पैसे घेऊन सल्ला द्यायला तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना किंवा वकिलाची सनद लागते. परवाना क्रमांक विचारा आणि त्यांच्या नोंदवहीत शोधा. कॉलेजची फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर ऑफर लेटरवरची परताव्याची शेवटची तारीख आजच बघा.