जुन्या राउटरवर अ‍ॅस्टरिस्क टाकून पाच फोन चालतील का?

तुमच्याकडे १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा राउटर पडून आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम) चढवलंय. आता त्यातच अ‍ॅस्टरिस्क (टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) बसवून पाच आयपी फोन आणि एक सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी बाहेरची फोन लाइन) जोडायची आहे, आणि एवढासा प्रोसेसर धापा टाकेल का, असं विचारलंय. नाही टाकणार. फक्त त्याला आवाज एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलायला लावू नका. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत.

जी.७११ कोडेकमध्ये सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी एक बाइट. फोन दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज एका पॅकेटमध्ये घालून पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. कॉलला दोन टोकं, तेव्हा अ‍ॅस्टरिस्ककडे सेकंदाला १०० येतात आणि १०० जातात. पाचही फोनवरून एकाच वेळी बाहेर बोलणं चालू असलं तरी ५०० आत, ५०० बाहेर. एखादी मोठी फाइल उतरवताना हाच राउटर याहून कितीतरी जास्त पॅकेटं ढकलतो. अ‍ॅस्टरिस्कला प्रत्येक पॅकेट कर्नलमधून (सिस्टिमच्या गाभ्यातून) वर उचलावं लागतं, त्यामुळे ते थोडं महाग पडतं, पण तेवढं परवडतं.

गाडं अडतं ते एका बाजूला जी.७२९ हा वेगळा कोडेक आणि दुसऱ्या बाजूला ए-लॉ (जी.७११चा एक प्रकार) असं झालं की. ए-लॉचं म्यू-लॉ (जी.७११चाच दुसरा प्रकार) करणं म्हणजे तक्त्यात बघून आकडा बदलणं. जी.७२९ मात्र आवाज ८ किलोबिटमध्ये दाबतं आणि त्यासाठी खरोखरीचं गणित करावं लागतं. जुन्या राउटरांतल्या बऱ्याच मिप्स चिपांमध्ये दशांश गणिताचं युनिटच नसतं. ते सगळं सॉफ्टवेअरमधून रेटावं लागतं. माझ्याकडे एक फोन कारखान्यातून आला तसाच जी.७२९वर राहिला होता. एक कॉल बरा चालायचा. दुसरा लागला की दोघांचेही आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे, आणि टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) उघडून बघितलं तर अ‍ॅस्टरिस्कने प्रोसेसर अख्खा गिळलेला. उपाय दोन ओळींचा: प्रत्येक एंडपॉइंटला (जोडलेल्या प्रत्येक फोनला) ‘डिसअलाउ ऑल’, मग फक्त ए-लॉ ‘अलाउ’. ट्रंकही तेच बोलते ना, हे आधी बघून घ्या. होल्डवरचं संगीत आणि ‘अमुक दाबा’वाले प्रॉम्प्टही त्याच फॉरमॅटमध्ये करून ठेवा, नाहीतर ते वाजवताना पुन्हा रूपांतर आलंच.

घरातल्या घरात दोन फोन बोलत असतील तर ‘डायरेक्ट मीडिया’ चालू ठेवा. अ‍ॅस्टरिस्क फक्त जोडणी लावून देतं आणि आवाज थेट एका फोनकडून दुसऱ्याकडे जातो. दोन्ही फोन राउटरच्या लॅन पोर्टांवर असले तर तो स्विच चिपमधूनच परस्पर निघून जातो, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही.

आता खरी डोकेदुखी: इन्स्टॉल. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये अ‍ॅस्टरिस्क एका गठ्ठ्यात येत नाही. फ्लॅश वाचावी म्हणून त्याचे तुकडे केलेत, एकेका मॉड्यूलचं वेगळं पॅकेज. मी पहिल्यांदा काटकसर करत मोजकीच टाकली. फोन वाजायचा, उचलला की लगेच कट. तासभर फायरवॉलला शिव्या घातल्या. शेवटी कन्सोलवर लॉगची पातळी वाढवली तेव्हा तिथे स्वच्छ लिहिलेलं दिसलं की दोन टोकं जोडायला ब्रिजची पद्धत सापडत नाही. ब्रिजचं साधं मॉड्यूलच टाकलं नव्हतं! तेव्हा पीजेसिप (कॉल लावणारं), आरटीपी (आवाज वाहणारं), ब्रिज, ए-लॉचा कोडेक आणि डायल अ‍ॅप एवढी यादी आधी पक्की करा. जुन्या लेखांतली चॅन-सिपची (पीजेसिपच्या आधीच्या सिप मॉड्यूलची) कॉन्फिगरेशन उतरवू नका. अ‍ॅस्टरिस्क २१पासून ते काढून टाकलंय.

फ्लॅशवर सतत लिहीत राहू नका, ती झिजते. लॉग रॅममध्ये ठेवा. व्हॉइसमेल हवाच असेल तर पेनड्राइव्ह लावा, कारण साध्या वेव्ह फाइलचा एक मिनिट जवळपास १ एमबी खातो. फोनच्या नोंदणीची माहिती अ‍ॅस्टरिस्क आपल्या छोट्या डेटाबेसमध्ये लिहितं. तोही मी रॅममध्ये हलवला. त्याची किंमत अशी की राउटर रीबूट झाला की फोन पुन्हा नोंदणी करेपर्यंत त्यांना येणारे कॉल लागत नाहीत. म्हणून नोंदणीची मुदत कमी ठेवली आहे, पाच मिनिटं.

राउटरवरच अ‍ॅस्टरिस्क ठेवण्याचा मोठा फायदा सहसा कोणी सांगत नाही. बाहेरचा सार्वजनिक पत्ता याच डब्यावर असल्यामुळे अ‍ॅस्टरिस्क आणि ट्रंक यांच्यात नॅटच (पत्ते बदलणारी मधली पायरी) उरत नाही, आणि ‘मला ऐकू येतंय, त्याला येत नाही’ हा एकतर्फी आवाजाचा छळ बहुतेक मिटतो. मात्र वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर वर इंटरनेट कंपनीचं नॅट आहे असं समजा. मग ट्रंकला ‘क्वालिफाय’ (जोडणी जिवंत आहे का ते विचारत राहणं) २५ सेकंदांवर ठेवून वाट उघडी ठेवावी लागते.

याच फायद्याची दुसरी बाजू: ५०६० हे सिपचं पोर्ट जगासाठी उघडं टाकलंत तर पासवर्ड चाचपणारे बॉट लवकरच दारात येतात. एखादा घुसला तर तुमच्या खात्यावर महागडे परदेशी कॉल. फायरवॉलमध्ये फक्त ट्रंकच्या पत्त्याला आत येऊ द्या. घरातल्या फोनांना वॅनची गरजच नाही.

शेवटचा मुद्दा अपलोडचा, आणि आवाज तुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, प्रोसेसर नव्हे. १ मेगाबिट अपलोडवर १५०० बाइटचं एक पॅकेट निघायला १२ मिलिसेकंद लागतात. कोणी फोटो चढवायला लावले आणि रांगेत अशी १०० पॅकेटं साचली की तुमचा आवाज त्यांच्या मागे जवळपास सव्वा सेकंद ताटकळत उभा. एसक्यूएम (रांग आवरणारं पॅकेज) टाका, त्यात केक (रांग लावण्याची एक पद्धत) निवडा, आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास लावा, म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहते. पण केक स्वतःही प्रोसेसर खातो. लाइन वेगवान आणि राउटर म्हातारा असेल तर मोजून बघा: स्पीड टेस्ट चालू ठेवून टॉप उघडा आणि त्याच वेळी एक कॉल लावा.

कॉन्फरन्स किंवा प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग हवं असेल, तर मी अ‍ॅस्टरिस्क वेगळ्या छोट्या कॉम्प्युटरवर हलवेन आणि राउटरला फक्त रांग सांभाळू देईन. आणि पाचाऐवजी एकच फोन असता तर अ‍ॅस्टरिस्कच्या भानगडीतच पडलो नसतो, तो फोन थेट ट्रंकवर नोंदवला असता.