वाचकांचे प्रश्न : मशीन तापतं, घोडी बिथरते

प्रश्न : माझ्याकडे वरातीच्या दोन घोड्या आहेत. दिवाळीनंतर अंगावर दाट केस येतात आणि तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो, म्हणून मशीननं केस काढतो. मान संपून खांद्यापर्यंत येईस्तोवर ब्लेड चटका बसण्याइतकं तापतं. केस कापले जाण्याऐवजी ओढले जातात, अंगावर पट्टे उमटतात. पांढरी घोडी तर आता मशीनचा आवाज आला की मागं सरते. बाजारातल्या धारवाल्याकडून दोनदा धार लावून आणली, फरक नाही. गार करायचा स्प्रे आणला, तोही संपला. ब्लेडची नवी जोडी महाग आहे. काय करावं?
— एक घोडीमालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, नवी जोडी घ्यायची घाई करू नका. आधी घोडी धुवा.

कारंज्याला माझं धारेचं दुकान आहे. सलूनवाल्यांच्या मशिनी येतात, धनगरांच्या कातऱ्या येतात, आणि नोव्हेंबर लागला की घोडीवाले येतात. "धार गेली" म्हणून जी जोडी समोर येते तिचा स्क्रू मी आधी खोलतो. दोन पात्यांच्या मधे राखाडी चिखल भरलेला असतो : केसांचा भुगा, कोंडा, घाम, जुनं तेल आणि आपली काळी माती. तो काडीनं खरवडून चिमटीत घासून बघा, करकर लागते. ती करकर म्हणजेच तुमचं दुखणं. खालचं दातेरी पातं जागेवर असतं, वरचं त्याच्यावर सरकतं, आणि दोघांच्या मधे फक्त तेलाचा पातळ थर असतो. तिथं खडा शिरला की तेल पुसलं जातं, लोखंडावर लोखंड घासतं, तापतं, आणि धारही तिथंच मरते. बहुतेक जोड्या मी साफ करून, तेल देऊन परत करतो. धारेचे पैसे कशाचे घेऊ?

तुमच्या पत्रात मशीन आहे, स्प्रे आहे, धारवाला आहे; घोडी धुणं, खरारा कुठंच नाही. एका गिऱ्हाइकाला हेच विचारलं तर म्हणाला, "काहून धुवू जी? भादरल्यावर त धुवाचीच हाये." भादरायच्या आदल्या दिवशी घोडी शाम्पूनं मुळापर्यंत धुवा, पाठीवरचा आणि शेपटीजवळचा चिकट मळ सुटेस्तोवर. रात्रभर कोरडी जागा आणि झूल द्या, नाहीतर सोयाबीनच्या कुटारात लोळून सकाळी पुन्हा तशीच उभी राहील. अंग पूर्ण वाळल्याशिवाय मशीन लावू नका, ओला केस पात्यात गोळा होतो. आयाळीच्या मुळाशी आणि पायांच्या मागं हात फिरवून गोखरू आणि कुसळं काढा. गोखरूच्या एका काट्यानं दाता मोडतो, आणि दाता मोडलेलं पातं कितीही महागाचं असलं तरी फेकायचं. ते केस नाही, कातडी धरतं.

आता तेल. दर पाच-दहा मिनिटांनी दात्यांच्या रांगेवर, दोन्ही कडांवर आणि पातं सरकतं त्या मागच्या पट्टीवर दोन-दोन थेंब. क्षणभर मशीन चालू द्या, बंद करा, वरचं तेल फडक्यानं पुसा. कंपनीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. घरातलं नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं, आणि डिसेंबरातली आपली सकाळ त्याहून कितीतरी गार असते. जवसाचं तर लावूच नका. ते हवेवर सुकून वार्निशसारखं कडक होतं, म्हणून तर रंगात घालतात. मग माझ्याकडे आलेली जोडी मला घासलेटात भिजवून सोडवावी लागते. इंजिन ऑइल जाड, त्याला केस चिकटतात.

स्प्रेनं ब्लेड गार होतं हे खरं, पण त्यानं तेल धुऊन निघतं. म्हणजे गार झालेलं ब्लेड कोरडंही होतं आणि पुढच्या दोन मिनिटांत आधीपेक्षा जास्त तापतं. मारायचाच असेल तर मशीन बंद करून मारा, त्यातला गॅस पेट घेतो. नंतर तेल हवंच. त्यापेक्षा जोडी काढून शहाबादी फरशीवर पालथी ठेवा आणि तोवर घोडीला पाणी दाखवा. पाण्यात बुडवू नका, गंज लागेल.

आवळणं हे दुसरं पाप. केस ओढले जायला लागले की माणूस स्क्रू पिळतो, कोणी तर पकड लावतो. कापेल इतकंच आवळायचं. सैल ठेवून सुरू करा, कापत नसेल तर जरा जरा आवळा. किती वेढे ते प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत वेगवेगळं दिलेलं असतं. स्वच्छ, तेल दिलेली जोडी नीट आवळूनही ओढत असेल तर मात्र धार गेली समजा.

अशा वेळी सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडे जाऊ नका. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, विळ्या-कात्र्यांना त्याचा हात चांगला. पण क्लिपरचं पातं चाकाच्या कडेवर लावायचं नसतं. फिरत्या सपाट तबकडीवर बारीक पावडर टाकून दुसऱ्या पात्याला टेकते ती त्याची सबंध बाजू घासावी लागते, मधे किंचित खोलगट राहील अशी. चाकावर दात्यांची टोकं गोल होतात. घासताना पातं निळं पडलं तर त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ती धार टिकत नाही. तुमची जोडी दोनदा चाकावर जाऊन आली आहे. दाते निळे दिसतात का ते उन्हात बघा. निळे नसतील तर तबकडीवर धार निघेल. धारेला द्याल तेव्हा दोन्ही पाती द्या, कोरडी करून, तेल लावून. एकच दिलं तर दुसऱ्याशी बसत नाही, आणि दोन जोड्यांची पाती एकमेकांत मिसळायची नाहीत.

मशीनच्या हवेच्या जाळीतले केस ब्रशनं काढत जा, नाहीतर ब्लेड गार आणि मोटर गरम. हरभऱ्याला पाणी सुरू असतं तेव्हा पुष्कळ गावांत व्होल्टेज पडतं, मशीन मंद चालतं आणि केस ओढतं; ती वेळ टाळा. अर्थिंग मात्र तपासूनच घ्या. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात कोंबलेला मी पाहिला आहे, आणि ओल्या जमिनीवर नाल ठोकलेल्या जनावराला थोडा करंटही पुरतो.

पांढरी घोडी मशीनला नाही, चटक्याला भ्याली आहे. दर थोड्या वेळानं ब्लेड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. तुम्हाला सहन होत नसेल तर तिलाही होत नाही. काही दिवस दाणा खाताना शेजारी नुसतं मशीन चालू ठेवा, अंगाला न लावता. मग गार पात्यानं खांद्यापासून सुरू करा, केसाच्या उलट दिशेनं, लांब हात मारत. डोकं शेवटी.

प्रश्न : माझ्या एका घोड्याच्या पाठीवर नायट्यासारखे गोल चट्टे आहेत. बाकीच्यांबरोबर त्याचेही केस काढू का? ब्लेड घासलेटानं पुसलं तर चालेल का?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : त्याला सध्या मशीन लावूच नका. नायटा ब्लेडवरून, खराऱ्यावरून, झुलीवरून दुसऱ्या जनावराला जातो आणि तुमच्या हातालाही होतो. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. घासलेटानं चिकटा सुटतो, बुरशी मरत नाही. चिकट्यासाठीही ते मशीन बंद असताना, जोडी बाहेर काढूनच वापरा, आणि पूर्ण पुसून, वाळवून, तेल देऊन मगच बसवा. कातडीला लागलं तर आग होते. भादरलंच असेल तर ती जोडी वेगळी बांधून ठेवा आणि जंतुनाशक कोणतं, किती वेळ लावायचं ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. खाली पडलेले केस झाडून गोठ्याबाहेर जाळा, उकिरड्यावर टाकू नका.